बंधुता कोणाची, दार कोणाला?



जून-जुलै हे महिने आपल्या घरांत काळजीचे असतात. निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर, इचलकरंजी या पट्ट्यातील आपली मुले-मुली कोल्हापूर, सांगली, पुण्याची वाट धरतात. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करतो. आई दुसऱ्याच्या उसात भांगलणीला जाते. दोघांनी पै-पै साठवून फी भरलेली असते. फीची काळजी असते, खानावळीची असते. पण आणखी एक काळजी असते, ती आई सहसा बोलून दाखवीत नाही. माझे लेकरू तिथे कोणात बसेल? कोणाच्या ताटाशेजारी ताट ठेवून जेवेल?

एका भगिनीने मात्र हे स्पष्ट विचारले आहे. मुलगी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणार आहे. तिथे मुलामुलींचे गट असतात. वडील म्हणतात, कोणाच्या भानगडीत पडू नकोस, खाली मान घालून अभ्यास कर. मामा म्हणतो, आपल्या लोकांना धरून राहा. मुलगी म्हणते, मी सगळ्यांत मिसळणार. तिघांपैकी बरोबर कोण?

प्रश्न साधा वाटतो, पण शंभर-सव्वाशे वर्षे आपला समाज याच प्रश्नाशी झगडतो आहे. म्हणून आज त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या संघटना असतात. मुलांच्या संघटनेला ‘फ्रॅटर्निटी’ म्हणतात आणि मुलींच्या संघटनेला ‘सोरॉरिटी’. एकीचा अर्थ बंधुसंघ, दुसरीचा भगिनीसंघ. ग्रीक लिपीतील अक्षरांवरून त्यांची नावे ठेवतात. अशी पहिली संघटना १७७६ साली निघाली. पुष्कळ ठिकाणी या संघांची स्वतःची घरे असतात. त्यांत सभासद एकत्र राहतात, जेवतात, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी-धंद्यात एकमेकांचा हात धरतात. एकदा सभासद झाला की तो जन्मभर भाऊ. ऐकायला किती चांगले! पण दारावर पहारा असतो. कोणाला घ्यायचे हे आतले ठरवितात. कित्येक संघांनी काळ्या लोकांना आणि ज्यू लोकांना वर्षानुवर्षे आत घेतले नाही. ज्याला घेतात त्याची आधी ‘परीक्षा’ होते. त्या नावाखाली नव्या मुलाला अपमान सोसायला लावतात, मारतात, बळजबरीने दारू पाजतात. त्यात तरुण पोरांचे जीव गेले आहेत. आपल्याकडे याच प्रकाराला रॅगिंग म्हणतात.

मग काळ्या विद्यार्थ्यांनी काय केले? ते दारापाशी रडत बसले नाहीत. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात काळ्या विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा स्वतःचा बंधुसंघ उभा केला. १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या मुलींनी ‘अल्फा कॅपा अल्फा’ हा भगिनीसंघ काढला. १९१३ च्या जानेवारीत तिथल्याच बावीस मुलींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापन केला, आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात त्या चालल्या. पुढे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ‘अल्फा फाय अल्फा’चे सभासद झाले. ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, ते विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हेही त्याच संघाचे सभासद होते. काळ्या लोकांच्या संघांतही नव्यांना छळण्याचा रोग शिरला, हेही खरे आहे. नाव बंधुसंघ ठेवले म्हणून बंधुता आपोआप येत नाही, एवढे त्यावरून समजावे.

त्याच १९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आधी ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले, मग कॉस्मोपॉलिटन क्लब येथे आणि नंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये. तिथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र भेटला. ही मैत्री जन्मभर टिकली आणि बाबासाहेबांच्या अडचणीच्या काळात भथेनांनी त्यांना मदत केली. पुढे १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. कोणी घर देईना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशी लोकांच्या धर्मशाळेत राहिले. जात कळताच दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. एका पारशाने परदेशात भावासारखे प्रेम दिले आणि त्याच समाजाच्या माणसांनी स्वदेशात काठी उगारली. माणूस कोणत्या समाजाचा आहे यावरून तो भाऊ ठरत नाही. तो कसा वागतो यावरून ठरतो.

आता आपल्या कोल्हापूरकडे या. राजर्षी शाहू महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह करून पाहिले. पण कारभार एका वर्गाच्या हातात राहिला आणि बहुजनांची मुले तिथे टिकली नाहीत. दार सर्वांना उघडे, पण आत जागा एकाच वर्गाला. मग महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच साली जैनांचे, १९०६ साली मुसलमानांचे आणि १९०७ साली लिंगायतांचे बोर्डिंग निघाले. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. शिंपी, सोनार, सारस्वत, ख्रिश्चन अशी आणखीही वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी त्यांना जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून कोल्हापूरचे नाव झाले ते यामुळे.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जात घट्ट केली, असे काही शहाणे तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. पण महाराजांच्या मनात गोंधळ नव्हता. जो मागे आहे त्याला आधी उभे राहण्यापुरती जागा हवी. जातीच्या परिषदा, जातीच्या संस्था जात मोडण्यासाठी हव्यात, ती वाढविण्यासाठी नकोत, हे त्यांनी आपल्या भाषणांतून बजावले. ते नुसते भाषण करून थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपली मुले सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेला येऊन बाबासाहेबांचे नेतृत्व त्यांनी जाहीरपणे मान्य केले. बोर्डिंग म्हणजे पायरी. पायरीवर पाय ठेवून वर जायचे असते, तिथेच बिऱ्हाड करायचे नसते.

पायरीवरच बसून राहिले तर काय होते, त्याचेही उदाहरण कोल्हापूरचेच आहे. आपल्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील कुंभोज गावी जन्मलेला एक जैन मुलगा कोल्हापुरात शिकत होता आणि जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो मुद्दाम गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले, विटाळ झाला आहे, आंघोळ करून मगच जेवायला बस. मुलाने नकार दिला. त्याला बोर्डिंगमधून काढून टाकले. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

मागासलेल्या बहुजनांच्या भल्यासाठी निघालेल्या घरातही विटाळ होता, हे इथे ध्यानात घ्या. आपल्या जातीच्या मुलाला भाऊ म्हणायचे आणि दुसऱ्याच्या सावलीची आंघोळ करायची, अशी ती बंधुता. भाऊरावांना मात्र त्या दिवशी जो धडा मिळाला तो ते विसरले नाहीत. इस्लामपूरला वर्गाबाहेर बसविलेला ज्ञानदेव घोलप नावाचा महार मुलगा त्यांनी पाहिला. त्याला सोबत घेऊन ते कोल्हापूरला आले आणि मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये त्याची सोय केली. तो मुलगा पुढे मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद झाला. भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह सुरू केले त्यात महार, मराठा, मुसलमान, जैन मुले एकाच चुलीवर स्वयंपाक करून एकाच पंगतीत जेवत. पीठ संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. बंधुसंघ असे एखाद्या माउलीच्या जिवावर उभे राहतात, आणि इतिहासात तिचे नाव एका ओळीत येते.

बाबासाहेबांनीही समाजकार्याच्या आरंभीच वसतिगृहाला हात घातला. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या आरंभी सोलापुरात तिचे वसतिगृह सुरू झाले. मुलींच्या बाजूने पाहिले तर शांताबाई दाणी यांनी नाशिकला रमाबाई आंबेडकर विद्यार्थिनी आश्रमासाठी आयुष्य वेचले. पुढे मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील तरुण एकत्र बसले, वाचू लागले, लिहू लागले आणि १९७२ साली दलित पँथर उभी राहिली त्यात त्या वसतिगृहाचा मोठा वाटा होता. एका खोलीत चार पोरे राहिली की नुसते चार पलंग भरत नाहीत, त्यांतून चळवळही निघते.

बंधुतेचा खरा नमुना पाहायचा तर तथागतांच्या संघाकडे पाहावे लागेल. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. भगवंतांपुढे आल्यावर कुमारांनीच विनंती केली, की आधी उपालीला दीक्षा द्यावी. म्हणजे तो संघात आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा गर्व उतरेल. भगवंतांनी तसेच केले. राजकुमार न्हाव्यापुढे वाकले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे नियम सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला.

नव्याने येणाऱ्याला वाकवायचे ही जगभरच्या टोळ्यांची रीत आहे. संघात वाकला तो गर्व. रॅगिंग करणारा सीनियर आणि उपालीला वंदन करणारा राजपुत्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरी गोष्ट आजारी भिक्खूची. तो हगवणीने घाणीत पडला होता आणि शेजारचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन, उचलून अंथरुणावर निजविले. मग सर्वांना जमवून सांगितले, की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत ही गोष्ट सांगावी अशी आहे.

भगिनीसंघही आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको. महाप्रजापती गोतमी केस कापून, शाक्य स्त्रियांसह अनवाणी वैशालीपर्यंत चालत गेल्या आणि भिक्खुणी संघ मिळवला. त्या संघात राणी खेमा होती, गणिका आम्रपाली होती आणि दुसऱ्याच्या घरी पाणी भरणारी दासी पुण्णिकाही होती. त्यांचे शब्द थेरीगाथेत शेजारी-शेजारी जपले गेले आहेत.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत. ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. संविधानाच्या प्रास्ताविकेत बंधुता हा शब्द आला तो मसुदा समितीमुळे. १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाहीत. त्या टिकविण्यासाठी पोलीस उभा करावा लागेल.

त्या पोलिसाची गरज आजही पडते आहे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून बाहेर काढले गेले. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने जीवन संपविले. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजातील हुशार मुलगी गेली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला न्यायालयात गेला. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक दलित माता आणि एक आदिवासी मुसलमान माता, लेकरे गमावल्यावर एकमेकींच्या भगिनी झाल्या. तशी वेळ आणखी कोणा आईवर येऊ नये.

आता त्या घरातील तिघांच्या मतांचा विचार करू. वडिलांचा सल्ला भीतीतून आलेला आहे, आणि भीती खोटी नाही. पण एकटे पडलेले लेकरू सर्वांत आधी मोडते. मामाचे बरोबर आहे, पण अर्धेच. मुलीचेही बरोबर आहे, पण ती ज्यांच्यात मिसळायला निघाली आहे त्यांनी तिला नावासकट, फुल्यांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसकट स्वीकारले पाहिजे. आडनाव लपवून मिळालेली मैत्री बडोद्याच्या धर्मशाळेतल्या खोलीसारखी असते. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी काठ्या येतील.

म्हणून मुलीला गटाचे नाव विचारू नका, तीन गोष्टी पारखायला सांगा. नवी मुलगी आली की या गटात जुन्या मुली तिला वाकवितात की बसायला जागा देतात? कोणी आजारी पडली तर रात्री पाणी कोण देते, दवाखान्यात कोण नेते? आणि तिसरी, आपल्याहून मागे असलेल्या मुलीसाठी या गटाचे दार उघडे आहे की नाही? तिन्ही गोष्टी जिथे आहेत तो गट आपला, मग त्यात कोणत्याही जाती-धर्माच्या मुली असोत. तिन्ही नसतील तर गटाला बाबासाहेबांचे नाव असले तरी तो आपला नव्हे.

हे शेवटचे वाक्य मी विचार करून लिहिले आहे. मातंग, चर्मकार, ढोर, भटक्या समाजाची मुले आपल्या मंडळात आली तर आपण त्यांना जवळ बसवितो का? की ‘ते आपल्यातले नाहीत’ असे कुजबुजतो? जयंतीला वर्गणी मागायला त्यांच्या दारात जातो, पण कार्यकारिणीत त्यांना घेतो का? ज्याला दारातून परत पाठविले गेले त्यानेच आपले दार लावून घ्यावे, यापरते दुःख नाही.

काही व्यावहारिक गोष्टी. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो, संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असावीच लागते. १८००-१८०-५५२२ हा मोफत दूरध्वनी क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कोणी काय म्हटले, केव्हा, कोणासमोर, हे तारखेसह लिहून ठेवायला शिकवा. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१६-१७ पासूनची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी आणि मुदत समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

आणि आई-वडिलांनो, फोनवर ‘पेपर कसा गेला’ एवढेच विचारू नका. ‘आज कोणासोबत जेवलीस?’ हेही विचारा. उत्तर द्यायला ती घुटमळली तर दुसऱ्या दिवशीची पहिली एस. टी. पकडा. एक दिवसाचा खाडा पडेल, पगार कापला जाईल. पण लेकराला कळेल की आपल्या पाठीशी घर आहे.

ज्यांची मुले शिकून नोकरीला लागली आहेत त्यांनी आपापल्या शहरात दोन नव्या विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा तरी घरी जेवायला बोलवावे. त्यांत एक आपल्या समाजाचा असावा आणि एक नसावा. बंधुतेचा संघ उभारायला इमारत लागत नाही. दोन भाकऱ्या जास्त थापाव्या लागतात.

जयभीम! नमो बुद्धाय!